आंधळ्या भिंतीवरची रेघ

ऑफिसात त्यांना सगळे तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘फूटपट्टी’. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना लोक ‘टाचणी’ म्हणत, त्या मानाने आपलं बरं चाललंय, असं त्या घरी नवऱ्याला सांगून हसायच्या.

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, त्यांची लांबट खोली. दारावर पाटी होती, ‘जुना बाजार : बांधकाम छाननी’. जुना बाजार म्हणजे शहराचा अगदी पोटातला भाग. चार रस्ते, घड्याळाचा चौक आणि त्यांच्यामध्ये विणल्यासारख्या वीस-बावीस गल्ल्या. तिथे नवं काही बांधायचं तर आधी समितीची परवानगी लागायची, आणि समितीच्या आधी नकाशे यायचे बाईंच्या टेबलावर. त्या सगळं मोजायच्या, शेजारच्या इमारतींशी ताडून बघायच्या आणि खाली पेन्सिलने शेरा लिहायच्या. लागल्या तेव्हा ट्रेसर म्हणून लागल्या होत्या, दुसऱ्यांच्या रेघा गिरवायला. सव्वीस वर्षांत त्या रेघा तपासणाऱ्या झाल्या.

नवे प्रस्ताव बहुतेक एकाच साच्याचे असत. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं. आर्किटेक्ट मंडळी हा जणू आपणच लावलेला शोध असल्यासारखी रंगीत चित्रं घेऊन येत. बाई ऐकून घेत. त्यांचा स्वतःचा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीतला होता. खालून येणाऱ्या ठोक्यावरून वडील रिंग सरळ करताहेत की पॅडल बसवताहेत, हे त्यांना झोपेतही कळायचं. घरात जायचं तर दुकानातूनच जावं लागे, गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांना धक्के देत. आई आजारी पडली तेव्हा स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं. शेवटी वडिलांनी तिला पाठुंगळी घेतलं आणि पंक्चरवाल्या गिऱ्हाइकांमधून वाट काढत बाहेर आणलं. सगळे उठून उभे राहिले होते. बाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या.

त्यामुळे कुठलाही नकाशा आला की त्या आधी जिना बघत. “वरच्यांनी घरी यायचं कुठून?” हा त्यांचा पहिला प्रश्न. “कपाट वर कसं नेणार?” हा दुसरा. एकदा एका टायवाल्या आर्किटेक्टने सांगितलं, “फर्निचर आमच्या कामात धरलेलं नाही.”

“माणसं तरी धरलीयत का?” बाईंनी विचारलं.

तो नकाशा तीनदा परत गेला. तेव्हापासून ‘फूटपट्टी’ हे नाव पक्कं झालं.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना त्यांच्या टेबलावर कोपऱ्यावरच्या छापखान्याच्या जागेची फाइल आली. छापखाना अकरा वर्षांपूर्वी जळाला होता. उरलंसुरलं पाडून टाकल्यावर जागा तशीच मोकळी पडून राहिली होती, दात पडलेल्या जबड्यासारखी. ती आता एका कापडवाल्या शेठनी घेतली होती. त्यांनी बाहेरगावचा एक नावाजलेला आर्किटेक्ट गाठला. साठी उलटलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा आणि मोजकं बोलणारा माणूस.

नकाशे उघडले आणि बाई खुर्चीत सरसावून बसल्या. पाच मजले. दर्शनी बाजूच्या खिडक्या शेजारच्या खिडक्यांच्या ओळीत, गॅलऱ्यांचे कठडे एका रेषेत, दुकानांच्या पायऱ्या जुन्या दगडी फरशीशी जुळवलेल्या. जिना वेगळा, ऐसपैस आणि उजेडातला. कपाटच काय, पियानो वर गेला असता. बाईंनी दोन दिवस खोट शोधली. सापडली नाही. तिसऱ्या दिवशी शेरा लिहायला पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली.

“काय झालं?” घरी नवऱ्याने विचारलं. ते बसचे ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले, आणि दिवसभर घरात बसून बायकोच्या ऑफिसची काळजी करायचे.

“सगळं नियमात बसतंय हो.”

“मग अडलंय कुठे?”

“तेच कळत नाही. पण घास गोड लागत नाहीये.”

दुसऱ्या दिवशी टेप पिशवीत टाकून त्या जागेवर गेल्या. बघतात तर आर्किटेक्ट आधीच तिथे, एका पालथ्या डब्यावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते.

“या बाई,” ते म्हणाले. “नापास केलंत का?”

“नाही. सगळं नियमात आहे. म्हणूनच आले.”

ते हसले आणि उठून डबा त्यांच्यापुढे सरकवला. बाई बसल्या नाहीत. त्या मागच्या बाजूला गेल्या. जागेच्या मागे एक अरुंद गल्ली होती, आणि गल्लीच्या पलीकडे नऊ दुकानांची बुटकी रांग. किल्ल्या करणारे काका, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडिंगवाल्या मावशी, तसबिरींना चौकटी करणारा, अशी मंडळी. प्रत्येकाच्या दुकानावर त्याचीच राहती खोली. नव्या इमारतीची पाठ याच रांगेकडे येणार होती, पाच मजले सरळसोट. समितीचे सगळे नियम रस्त्याकडच्या बाजूचे होते. पाठीबद्दल कुणी कधी अवाक्षर लिहिलं नव्हतं.

“काका,” बाईंनी किल्लीवाल्यांना विचारलं, “छापखाना होता तेव्हा तुमच्याकडे ऊन यायचं का हो?”

काकांनी कानशीतून डोकं वर काढलं. “यायचं की. ऊन कुठं जाणार?”

“इमारत मोठी होती ना पण?”

“समोरून होती. इकडं छप्पर पार खाली उतरायचं. पावसाचं सगळं पाणी आमच्या दारात. वैताग नुसता.”

बाई परत आल्या आणि आर्किटेक्ट बघत होते ती भिंत त्यांनी पहिल्यांदा नीट बघितली. अकरा वर्षं त्या तिथून जा-ये करत होत्या. शेजारच्या इमारतीची ती बाजूची आंधळी भिंत, एकही खिडकी नसलेली. छापखाना तिला खेटून उभा होता, त्यामुळे तो गेला तरी त्याच्या खुणा तिच्यावर राहून गेल्या होत्या. खाली शाईने काळपटलेला पट्टा. त्याच्या वर एका खोलीचा निळा रंग, तिला लागून दुसरीचा पिस्ता. दोन कोनाडे. खुंट्यांची रांग, त्यातली एक खूप खाली, लहान मुलांसाठी ठोकल्यासारखी. जिना नागमोडी वर गेल्याची खूण. आणि सगळ्याच्या वर एक लांब तिरकी रेघ. रस्त्याकडे ती तिसऱ्या मजल्याच्याही वर सुरू व्हायची आणि मागे गल्लीकडे उतरत उतरत पार एका मजल्यावर यायची.

“माणसं राहायची इथे,” बाई पुटपुटल्या.

“छापखान्याच्या वर दोन कुटुंबं, निदान दोन,” आर्किटेक्ट म्हणाले. “मी कालपासून ती रेघ बघतोय. मागे एवढं खाली का आणलं असेल छप्पर? सरळ नेलं असतं तर चार खोल्या वाढल्या असत्या. कुणी हातची जागा अशी सोडतं का?”

बाईंनी मान वर केली. त्या रेघेकडे बघत राहिल्या. आयुष्यभर कागदावरच्या रेघा बघितलेल्या डोळ्यांना ती रेघ ओघाने काढलेली वाटेना. ती कुणीतरी विचार करून काढलेली होती.

शेजारच्या भिंतीला टेकू द्यायला गवंड्यांनी परांची बांधली होती. बाईंनी वरच्या गवंड्याला हाक मारली, “दादा, एक लांब दोरी घ्या आणि त्या रेघेच्या वरच्या टोकाशी धरा.” दोरीचं दुसरं टोक त्यांनी स्वतः हातात घेतलं. रेघेवरून दोरी ताणत, मागे सरकत सरकत, त्या जागेच्या हद्दीपर्यंत आल्या. रेघ तिथे संपली. पण दोरी उरली होती. तशीच, त्याच उतारात ताणलेली ठेवून त्या गल्लीत उतरल्या. गल्ली ओलांडली. वाकल्या.

दोरी किल्लीवाल्या काकांच्या उंबऱ्यावर टेकली. उंबऱ्याच्या बरोबर बाहेरच्या कडेवर.

काका म्हणाले, “अहो, दारात काय हे?”

बाई तिथेच दगडावर बसल्या. रांगेतले नऊच्या नऊ उंबरे त्यांनी नजरेने मोजले. सगळे एका ओळीत होते. आर्किटेक्ट धावतपळत आले, चष्मा कपाळावर सरकवला, दोरी बघितली, उंबरा बघितला, आकाशाकडे बघितलं.

“वर्षातला सगळ्यात लहान दिवस कधी आहे, बाई?”

“एकोणीस दिवसांनी.”

“सूर्य सगळ्यात खाली असतो त्या दुपारी. मला वाटतं, ही दोरी त्याच्याकडे बोट दाखवतेय.”

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्या फूटपट्टी होत्या. “वाटतं म्हणून समितीपुढे चालणार नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “दाखवावं लागेल.”

शेठना हे सगळं सांगितलं. मागचे चार फ्लॅट त्यांना हवेत विरघळताना दिसले. “दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा मिस्त्रीच्या मनात काय होतं, त्याच्यावर मी इमारत बांधू?” ते कडाडले. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनीही मान हलवली. “नियम नाही. नियम नसताना मी अडवू शकत नाही.”

“अडवू नका,” बाई म्हणाल्या. “एक दिवस दुपारी गल्लीत येऊन उभे राहा, एवढंच.”

त्या सव्वीस वर्षांत बाईंनी समितीकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. अध्यक्ष हो म्हणाले. शेठही शेवटी पाघळले, आणि वर म्हणाले, “कापड मी देतो. माझ्याकडे दुसरं आहे काय?”

मग त्या रिकाम्या जागेवर बांबूंची एक इमारत उभी राहिली. अर्ध्या रुंदीत आर्किटेक्टने रेघेबरहुकूम तिरकं छप्पर केलं, बांबूंवर मांजरपाट ताणून. उरलेल्या अर्ध्यात त्यांची स्वतःची इमारत, पाच मजल्यांच्या उंचीचे बांबू आणि त्यांच्यावर सरळ खाली सोडलेले कापडाचे तागे. गवंडी हसत होते. “साहेब, वारा आला तर घर उडून जाईल तुमचं.” आर्किटेक्ट म्हणाले, “तेच तर बघायचंय, उडायच्या लायकीचं आहे का.” बाई रोज ऑफिस सुटल्यावर येऊन ओळंबा लावून उंची तपासत होत्या. एक बांबू वीतभर कमी भरला, तो त्यांनी बदलायला लावला.

तो दिवस उजाडला. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. साडेअकरापासून गल्लीत माणसं जमू लागली. अध्यक्ष आले, समितीतले पाच जण आले, शेठ आले. बाईंचा नवराही आला, “बसून तरी काय करू” म्हणत. किल्लीवाल्या काकांनी कानस खाली ठेवली.

सकाळची लांब सावली आधी उंबऱ्यांच्या आत शिरलेली होती. दुपार चढली तशी ती मागे सरकायला लागली. डोळ्यांना सरकताना दिसत नव्हती, पण दारामागच्या फरशीतली एकेक फट मोकळी करत मागे येत होती. सरळ तागे होते त्या बाजूला मात्र ती हटायलाच तयार नव्हती. दारं झाकलेली, पाट्या झाकलेल्या, वरच्या खोल्यांच्या खिडक्यांपर्यंत ती चढलेली. त्या चार दुकानांत काळोख होता. बाइंडिंगवाल्या मावशी सुई ओवत होत्या. त्यांनी थोडा वेळ डोळे बारीक करून बघितलं, आणि मग उठून भर दुपारी दिवा लावला.

दुसऱ्या बाजूला, तिरक्या छपराच्या मागे, सावली उंबऱ्यांच्या आत चारच बोटं उरली होती. मग तीन. मग दोन. सगळे वाकून बघत होते. कुणीतरी खोकलं, तर दुसऱ्याने त्याला गप्प केलं. घड्याळाच्या चौकातून बाराचे टोले आले. अजून एक बोट उरलं होतं. आणखी काही मिनिटं गेली, आणि सावलीची कड पाचही उंबऱ्यांना लागली. पाचही, एकदम. जणू कुणी पट्टी ठेवून रेघ मारली. बाईंनी वर बघितलं. ऊन छपराच्या उतारावरून घसरत खाली येत होतं, कापडाचा एकेक धागा चमकत होता.

सगळे थांबून राहिले. सावली त्याच जागी थबकली होती. उंबऱ्याच्या आत ती आता एक केसभरही नव्हती. पाच दारांच्या चौकटी, पाच पाट्या, आतली कुलपं, लाकडाचे तुकडे, सगळं उन्हात लखलखत होतं. थोड्या वेळाने ती कड हळूच परत आत वळली.

अध्यक्ष सरळ बांबूंच्या बाजूला उभे होते. थंडी वाजायला लागली तसे ते नकळत दोन पावलं उन्हात सरकले, आणि सरकल्यावर आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बाईंकडे बघितलं. न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर तसे भाव बाईंनी कधी बघितले नव्हते.

“वर्षातला सगळ्यात वाईट दिवस धरून बांधलं,” आर्किटेक्ट हलक्या आवाजात म्हणाले. “बाकीचे तीनशे चौसष्ट आपोआप सुटले.” त्यांनी चष्मा पुसला. “चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी. समोरच्याच्या उंबऱ्यापासून इमारतीला सुरुवात करायची, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.”

बाईंनी वाकून उंबऱ्याची कड चाचपली. कोण असेल तो मिस्त्री? नाव नाही, पाटी नाही, नकाशा नाही. हातात ओळंबा आणि दोरी. समोर कुणीतरी गरीब कारागीर राहतात, त्यांना उजेड लागतो, एवढं त्याने बघितलं, सूर्य मोजला आणि मालकाच्या चार खोल्या सोडून दिल्या. मालकही तयार झाला असेल. दोघं या गल्लीत असेच एका दुपारी उभे राहिले असतील. जुना बाजार जपायचा म्हणून बाईंनी सव्वीस वर्षं कठडे आणि खिडक्या मोजल्या होत्या. आणि बाजाराने जपलेली खरी गोष्ट त्यांच्या पाठीमागे, आंधळ्या भिंतीवर, उघडी पडून होती.

“शेठ,” किल्लीवाले काका म्हणाले, “पावसाच्या पाण्याला पन्हळ तेवढी लावा या खेपेला.”

शेठ हसले नाहीत. ते मावशींच्या दिव्याकडे बघत होते.

म्हणून काही शेठ एका दुपारीत साधुसंत झाले नाहीत. पुढचे तीन आठवडे घासाघीस चालली. मागचे दोन फ्लॅट गेले. उरलेले दोन आर्किटेक्टने पुढच्या बाजूच्या माळ्यात बसवले, आणि उतरत्या छपराखालच्या जागेत शिवणकाम, घड्याळदुरुस्ती अशा बारीक कामांसाठी खोल्या काढल्या. शेठ रडतकढत तयार झाले. समितीने मंजुरी दिली. छाननीच्या शेऱ्यात बाईंनी पहिल्यांदाच मोजमापाखेरीज काही लिहिलं. “मागची बाजू प्रत्यक्ष उन्हात पाहिली. योग्य आहे.”

दोन वर्षांनी इमारत पुरी झाली. अखेरच्या तपासणीला बाई टेप घेऊन सगळ्या मजल्यांवरून फिरल्या. आंधळी भिंत आता आत गेली होती. निळा आणि पिस्ता रंग नव्या गिलाव्याखाली कायमचे झाकले गेले होते. माळ्यावरच्या एका घरात सामान येऊन पडलं होतं. तिथल्या बाईने त्यांना विचारलं, “मावशी, तुम्ही कितव्या मजल्यावरच्या?” बाई म्हणाल्या, “मी नगरपालिकेच्या ऑफिसातली.” पण त्या जरा वेळ तिथे खिडकीशी थांबल्या, मागच्या उताराकडे आणि खाली गल्लीत उघड्या असलेल्या दारांकडे बघत.

पण त्याआधीच एक काम त्यांच्या डोक्यात बसलं होतं. जुन्या बाजारात अशा आणखी किती रेघा असतील? ऑफिसला माणूस द्यायला सवड नव्हती. म्हणून त्यांनी नवऱ्यालाच जुंपलं. सुट्टीच्या दिवशी दोघं टेप, दोरी आणि वही घेऊन गल्ल्यांमधून फिरू लागले. ड्रायव्हरसाहेब टेपचं टोक धरून उभे राहत आणि सारखी कुरकुर करत. “आयुष्यभर गाडी चालवली, आता भिंती धरून उभा राहतोय.” लोक विचारत, काय हरवलंय का? बाई म्हणत, नाही, सापडतंय.

वर्षभरात चौदा छपरं सापडली. सगळी मागे उतरलेली. काही रेघा उंबऱ्यावर यायच्या, काही खिडकीच्या तळाशी. एका ठिकाणी समोर विहिरीचा चौथरा होता, तिथे दोरी चौथऱ्याच्या कडेला टेकली. बाईंनी सगळ्यांची मापं लिहिली आणि निवृत्तीच्या आधी समितीपुढे ठेवली. नव्या इमारतीची पाठसुद्धा तपासायची, सगळ्यात लहान दिवसाचं ऊन धरून, असा नियम झाला. नियमाला काही लोक ‘फूटपट्टीचा नियम’ म्हणतात, आता तोंडावरही.

पंधरावी रेघ त्यांना निवृत्तीनंतर सापडली, चौकाच्या मागच्या सगळ्यात अरुंद गल्लीत. दोरी ताणून ड्रायव्हरसाहेब मागे मागे गेले आणि समोरच्या घराशी वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत.

“काय झालं? पाठ धरली का?” बाईंनी विचारलं.

“अगं, इथे उंबरा नाहीये. ओटा आहे. झिजलेला. मधोमध खळगा पडलाय, कुणीतरी वर्षानुवर्षं बसल्यासारखा.” त्यांनी हात त्या खळग्यावरून फिरवला. “दोरी बरोबर इथेच येतेय. त्याच्या मांडीवर ऊन यावं म्हणून?”

बाई जवळ गेल्या. बघितलं. वही उघडली, पण काय लिहायचं ते त्यांना सुचेना.

“कोण बसत असेल गं इथे?” नवऱ्याने विचारलं.

“काय माहीत,” बाई म्हणाल्या, आणि त्या खळग्याशेजारी ओट्यावर टेकल्या.